विश्लेषण : निर्बंध रशियावर, झळ अमेरिकी नेमबाजांना… परदेशी काडतुसांचा पुरवठा नेमका कुठे अडतो?

रशियातील विरोधी पक्षनेते अलेक्सी नवाल्नी यांच्यावरील विषप्रयोगाला २० ऑगस्ट २०२१ रोजी एक वर्ष पूर्ण झाले. त्याच दिवशी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने रशियावर निर्बंधांची दुसरी फेरी जाहीर केली. त्यात एक कलम असे होते, की ज्याची चर्चा मॉस्कोपेक्षा टेक्सास, ओहायो आणि ॲरिझोनातील बंदुकांच्या दुकानांत अधिक झाली. रशियात तयार झालेली बंदुका-काडतुसे आयात करण्याचे नवे परवाने यापुढे मिळणार नव्हते. कायदा लागू व्हायला अजून अडीच आठवडे होते आणि जुने परवाने शाबूत होते. तरीही ऑनलाइन विक्रेत्यांकडील स्वस्त रशियन काडतुसांची खोकी भराभर संपली. जी उरली, त्यांचे भाव वाढले. एखाद्या देशाला धडा शिकवण्यासाठी केलेला निर्णय तिसऱ्याच माणसाच्या खिशापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नेमका निर्णय काय होता?

अमेरिकेत १९९१ साली झालेला एक कायदा रासायनिक आणि जैविक अस्त्रांचा वापर करणाऱ्या देशांवर निर्बंध लादण्याची तरतूद करतो. नवाल्नी यांच्यावर ‘नोविचोक’ गटातील विषाचा प्रयोग झाल्याचा निष्कर्ष निघाल्यावर या कायद्याखाली मार्च २०२१ मध्ये पहिली आणि ऑगस्टमध्ये दुसरी फेरी झाली. दुसऱ्या फेरीचे आदेश ७ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाले. मुदत किमान १२ महिन्यांची. त्यानंतरही निर्बंध आपोआप उठत नाहीत. रशियाने ठरावीक अटी पाळल्याचे अमेरिकी सरकारने काँग्रेसला प्रमाणित करून सांगावे लागते.

येथे एक तांत्रिक बारकावा समजून घ्यायला हवा. अमेरिकेत परदेशी काडतुसे आणायची तर आयातदाराला ‘एटीएफ’ या केंद्रीय यंत्रणेकडे ‘फॉर्म ६’ नावाचा अर्ज करावा लागतो. मंजूर झालेला परवाना दोन वर्षे चालतो. २०२१ च्या आदेशाने नवे आणि प्रलंबित अर्ज नाकारण्याचे धोरण घेतले, पण आधी मंजूर झालेल्या परवान्यांना हात लावला नाही. म्हणजे नळ एकदम बंद झाला नाही. टाकीत नवे पाणी येणे थांबले. ज्यांच्याकडे परवान्यांचा साठा होता ते मोठे आयातदार आणखी दोन वर्षे माल आणू शकत होते. ज्याचा अर्ज टेबलावर पडून होता, तो छोटा आयातदार मात्र त्याच दिवशी स्पर्धेतून बाद झाला.

रशियन काडतुसांना इतकी मागणी का?

कारण एकच, स्वस्ताई. आणि ती आली पुंगळीच्या धातूतून. काडतुसाचे चार भाग असतात : पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बहुतेक पाश्चात्त्य कारखाने पुंगळी पितळेची करतात. तुला, बर्नाऊल, उल्यानोव्स्क येथील रशियन कारखाने ती पोलादाची करतात आणि गंजू नये म्हणून वर लाखेचा किंवा पॉलिमरचा थर देतात. पोलाद पितळेपेक्षा कितीतरी स्वस्त. शिवाय सोव्हिएत काळापासून सैन्यासाठी उभारलेली अवाढव्य यंत्रे तयारच होती.

पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरता येते, पोलादी सहसा फेकून द्यावी लागते. गोळीवरच्या आवरणातही पोलाद असल्याने ती चुंबकाला चिकटते. म्हणून अमेरिकेतील अनेक इनडोअर रेंजवर दारातच चुंबक लावून रशियन माल ओळखतात आणि परत पाठवतात, कारण त्याने ठिणग्या उडतात आणि मागची अडवणभिंत लवकर झिजते. अचूकताही जेमतेम. पण शनिवारी मोकळ्या मैदानावर जाऊन दोनतीनशे गोळ्या झाडणाऱ्याला यातले काहीच खुपत नाही. २०२० पूर्वी कलाशनिकोव्ह पद्धतीच्या रायफलीला लागणारे ७.६२ बाय ३९ चे रशियन काडतूस साधारण २० ते २५ सेंटला पडत असे. सरावाचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा होता.

परवाने शिल्लक असताना भाव का भडकले?

कारण बाजार पूर्णपणे कोरडा होता. २०२० मध्ये करोना, रस्त्यावरची आंदोलने आणि अध्यक्षीय निवडणूक एकाच वर्षात आली. लाखो नवख्या अमेरिकनांनी पहिल्यांदा बंदूक घेतली. त्याच वर्षी जुलैत रेमिंग्टन ही जुनी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि आर्कान्सामधील तिच्या काडतूस कारखान्याची मालकी बदलली. दुकानात ‘एका गिऱ्हाईकाला दोनच खोकी’ अशा पाट्या लागल्या होत्या. अशा वेळी निर्बंधांची बातमी आली.

मग जे कांद्याचे होते तेच झाले. निर्यातबंदीची नुसती कुजबुज लासलगावच्या भावात उमटते, तशी आयातबंदीची बातमी गोदामातल्या मालाची किंमत रातोरात बदलते. विक्रेत्याने माल जुन्या दराने घेतलेला असला तरी पुढची खेप कोणत्या दराने येईल याची त्याला खात्री नसते, म्हणून तो आजच भाव चढवतो. गिऱ्हाईक उद्या मिळणार नाही या भीतीने गरजेपेक्षा जास्त उचलतो. दोघांच्याही दृष्टीने ही कृती शहाणपणाची, आणि दोघे मिळून टंचाई तयार करतात. कागदोपत्री पुरवठा अजून चालू असताना!

सर्वाधिक अडचण झाली ती ५.४५ बाय ३९ या काडतुसाची. सोव्हिएत सैन्याने १९७० च्या दशकात स्वीकारलेले हे माप अमेरिकेत जवळजवळ सगळे रशियातूनच येत असे. २०१४ मध्ये त्याच मापाचे ‘७एन६’ हे स्वस्त लष्करी काडतूस एटीएफने चिलखतभेदी ठरवून आधीच बंद केले होते. (त्या निर्णयाला अनेकजण आजही निर्बंध समजतात. तो निर्बंध नव्हता. त्या मापाचे पिस्तूल निघाल्याने पिस्तुलासाठीचा जुना चिलखतभेदी गोळ्यांचा नियम त्याला लागू झाला.) ७.६२ वाल्याला निदान सर्बियाकडे वळता येत होते, ५.४५ वाल्याला पर्याय अगदी मोजके होते.

युक्रेन युद्धानंतर काय बदलले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि जुन्या परवान्यांची किंमतही उतरली. परवाना हातात असणे आणि माल बंदरात येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा उघड झाले. प्रमुख रशियन बँका ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय देयक संदेश यंत्रणेतून बाहेर काढल्या गेल्या, त्यामुळे पैसे पाठवायचे कसे हा प्रश्न आला. मार्चच्या सुरुवातीला मोठ्या जहाज कंपन्यांनी रशियाचे कंटेनर बुकिंग थांबवले. एप्रिलमध्ये अमेरिकेने रशियाचा सामान्य व्यापार दर्जा काढून घेतला, म्हणजे जकातही वाढली. यातला एकही निर्णय काडतुसांसाठी नव्हता. तरी सगळ्यांचा मार काडतुसांना बसला.

शिवाय रशियन कारखान्यांना आता अमेरिकी गिऱ्हाइकाची गरजच उरली नाही. स्वतःचेच सैन्य हवा तितका माल घेऊ लागले. निर्बंध घालणाऱ्यांनी ज्या महसुलावर घाव घालायचा ठरवला होता, तो महसूल सहा महिन्यांत दुसऱ्या दाराने आत आला. नागरी काडतुसांवरील बंदीने क्रेमलिनला जाणवेल एवढे नुकसान झाले, असे मानायला आधार सापडत नाही. नवाल्नी यांचा १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आर्क्टिकमधील तुरुंगात मृत्यू झाला. त्यांच्या नावाने घातलेली ही बंदी मात्र मागे राहिली.

मग अमेरिकी कारखाने ही पोकळी का भरत नाहीत?

अमेरिकेत काडतुसांचे मोठे कारखाने आहेत, पण त्यांच्या यंत्रांची रचना ९ मिमी, ५.५६ आणि .२२ या खपाच्या मापांसाठी आहे. पोलादी पुंगळीसाठी वेगळे साचे, वेगळी प्रक्रिया, वेगळी भट्टी लागते. एवढे भांडवल घालायचे आणि उद्या निर्बंध उठले तर? रशियन माल पुन्हा निम्म्या किमतीत समोर उभा राहील. निर्बंधांचा अनिश्चित काळ हाच गुंतवणुकीतला सर्वांत मोठा अडथळा ठरतो. बंदी जाहीर झाल्यावर दक्षिण कॅरोलिनातील एका बड्या विक्रेत्याने पोलादी पुंगळ्यांचा कारखाना देशातच उभारण्याची घोषणा केली. पण असे कारखाने घोषणेच्या वेगाने उभे राहत नाहीत.

रिकामी जागा घेतली ती बाल्कन देशांनी. सर्बियातील उझित्से येथील ‘प्रवी पार्टिझान’ आणि बोस्नियातील कोन्यित्स येथील ‘इगमान’ यांची काडतुसे अमेरिकी शेल्फवर वाढली. ती पितळी पुंगळीची, दर्जा चांगला, पण किंमत रशियन मालापेक्षा जास्त. यात एक गंमत आहे. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युगोस्लाव्हियावर पूर्ण व्यापारबंदी घातली होती, तेव्हा उझित्सेचा कारखाना स्वतःच निर्बंधांच्या चुकीच्या बाजूला होता. त्या वर्षी बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्ह खेळाडूंना देशाच्या झेंड्याखाली उतरता आले नाही. त्यांना ‘स्वतंत्र सहभागी’ म्हणून परवानगी मिळाली आणि त्यांनी जिंकलेली तीनही पदके नेमबाजीतली होती.

‘तात्पुरते’ निर्बंध किती टिकतात?

मे १९९४ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी चीनचा व्यापार दर्जा कायम ठेवला. मानवी हक्कांच्या मुद्द्यावर काहीतरी कठोर केल्याचे दिसावे म्हणून त्यांनी चिनी बंदुका आणि काडतुसांची आयात बंद केली. तोवर ‘नोरिंको’ची स्वस्त काडतुसे अमेरिकेत पेट्यांनी येत. त्यानंतर चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आयफोन तिथे जुळू लागले, मानवी हक्कांचा मुद्दा अनेकदा वर आला आणि मागे पडला. ती बंदी तीस वर्षांनंतरही उठलेली नाही. रशियन काडतुसे ‘पुढच्या वर्षी’ परत येतील अशी आशा धरणाऱ्यांना जुनेजाणते दुकानदार हेच उदाहरण देतात.

दुसरे उदाहरण जुलै २०१४ चे. क्रिमियानंतर अमेरिकेने ‘कलाशनिकोव्ह कन्सर्न’ या कंपनीचे नाव निर्बंधयादीत टाकले. हा वेगळा प्रकार होता : देशावर नव्हे, एका कंपनीवर. त्या कंपनीशी व्यवहार बंद, पण ग्राहकाने आधीच पूर्ण पैसे देऊन घेतलेली रायफल वैध राहिली आणि इतर रशियन कारखान्यांची काडतुसे येतच राहिली. यादीत नाव कंपनीचे आहे की देशाचे, आणि बंदी पैशांवर आहे की परवान्यावर, यावर नेमबाजाचे नशीब ठरते. बातमीत मात्र या सगळ्याला ‘निर्बंध’ हा एकच शब्द वापरला जातो.

निर्बंधांखालील देशाच्या नेमबाजांचे काय होते?

येथे विषय किमतीच्या पलीकडे जातो. ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात .२२ मापाचे छोटे काडतूस वापरतात. दिसायला किरकोळ, पण स्पर्धेच्या दर्जाचे .२२ काडतूस बनवणे भल्याभल्यांना जमलेले नाही. जगातले अव्वल नेमबाज मुख्यतः तीनच नावांवर विसंबतात : इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची ‘एली’, जर्मनीतील फ्युर्थची ‘आरडब्ल्यूएस’ आणि फिनलंडची ‘लापुआ’, जिची .२२ काडतुसे प्रत्यक्षात जर्मनीतील श्योनेबेक येथे तयार होतात.

काडतुसे एका खेपेत, म्हणजे एका ‘लॉट’मध्ये बनतात. दोन लॉटमध्ये दारूचे वजन, प्रायमरचे मिश्रण, गोळीचा आकार यांत किंचित फरक पडतोच. प्रत्येक रायफलीच्या नळीचाही स्वभाव वेगळा. एका नळीला जो लॉट मानवतो तो दुसरीला मानवत नाही. म्हणून नेमबाज आपली रायफल घेऊन या कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत जातात, ती पकडीत घट्ट बसवतात आणि वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून ५० मीटरवर कोणता लॉट सर्वांत छोटे वर्तुळ करतो ते पाहतात. पसंत पडलेल्या लॉटची हजारो काडतुसे तिथेच राखून ठेवतात, कारण तो लॉट पुन्हा बनणार नसतो. अंतिम फेरीत दशांश गुणाने पदक हुकते, तेव्हा हा फरक चैनीचा राहत नाही.

युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२२ मधील आठव्या निर्बंध फेरीत रशियाला नागरी बंदुका आणि काडतुसे विकण्यावरही बंदी आणली. रशियन नेमबाज आणि बायॲथलॉनपटू यांच्यासाठी तिन्ही दारे बंद झाली. बायॲथलॉनमध्ये बर्फावर स्कीइंग करत येऊन ५० मीटरवरचे लक्ष्य टिपायचे असते. तिथे कडाक्याच्या थंडीतही सारखीच जळणारी दारू लागते, आणि लापुआ त्यासाठी ‘पोलर बायॲथलॉन’ नावाचे खास काडतूस बनवते. रशियात मॉस्कोजवळच्या क्लिमोव्स्क येथे ‘ऑलिंप’ नावाचे देशी .२२ काडतूस तयार होते. पण काडतूस मिळणे आणि आपल्या नळीला जुळलेला लॉट मिळणे, यातली दरी मोठी आहे. ज्या विशीतल्या खेळाडूने युद्धाचा निर्णय घेतलेला नाही, त्याच्या साठ्यातले प्रत्येक जुने खोके आता मोजून वापरायचे.

बंदीच्या यादीत काडतूस नसले तरी टंचाई कशी?

दारू आणि धातू यांच्या वाटेने. आधुनिक बिनधुराच्या दारूचा पाया नायट्रोसेल्युलोज. ते बनते कापसातून. नेमके सांगायचे तर सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंतून, ज्यांना लिंटर म्हणतात. विदर्भातल्या जिनिंग पट्ट्यात हा शब्द नवा नाही. युरोपचे दारू कारखाने या लिंटरसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून आहेत, आणि युक्रेनसाठी तोफगोळे भरण्याला त्यांचे पहिले प्राधान्य आहे. लापुआची मालक ‘नामो’ ही कंपनी तोफगोळेही बनवते. २०२३ च्या अखेरीस अमेरिकेतील ‘व्हिस्टा आउटडोअर’ने जागतिक दारूटंचाईचे कारण देत किमती वाढवत असल्याचे विक्रेत्यांना कळवले.

धातू म्हणजे अँटिमनी. शिसे मऊ असते. त्यात थोडे अँटिमनी मिसळले की गोळी आणि छर्रे कडक होतात. प्रायमरमध्येही अँटिमनीचे संयुग असते. जगातले जवळपास निम्मे अँटिमनी चीनमधील खाणींतून निघते. चीनने सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या निर्यातीवर परवानापद्धत आणली आणि ३ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेला निर्यात थेट बंद केली. चिप उद्योगावरील अमेरिकी निर्बंधांना दिलेले ते उत्तर होते. भांडण संगणकाच्या चिपचे आणि महाग झाले छर्ऱ्यांचे काडतूस! नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनने ही बंदी २७ नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित केली. परवान्याची अट तशीच आहे.

भारतीय नेमबाजांना याची झळ बसते का?

रशियन पोलादी काडतुसांशी भारतीय क्रीडा नेमबाजांचा संबंध नाही. पण युरोपातील त्या तीन-चार कारखान्यांशी आहे, आणि घट्ट आहे. भारतात सर्वसामान्य परवानाधारकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासूनच बंद आहे. क्रीडा नेमबाजांना सवलत आहे, तीही शस्त्र नियम २०१६ मधील पात्रता, वार्षिक कोटा आणि राष्ट्रीय रायफल संघटनेच्या चौकटीतून. म्हणजे तेथे टंचाई झाली तर येथे दुसऱ्या दुकानात जाऊन घेण्याची सोय नाही.

देशी पर्याय नाहीतच असे नाही. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. त्याची ‘केएफ’ खुणेची बारा बोअरची काडतुसे गावोगावच्या परवानाधारकांना ठाऊक आहेत. हा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखाना, दोन्ही आता पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत आहेत. .२२ ची सरावाची काडतुसेही देशात बनतात. जागतिक स्पर्धेच्या दर्जाची, लॉट निवडून घेता येतील अशी काडतुसे मात्र बाहेरूनच येतात. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली आणि स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ घेतले, ते प्रकार याच .२२ काडतुसाचे. दोघेही कोल्हापूरचे.

दहा मीटर एअर रायफल-पिस्तूलवाल्यांना दारू आणि प्रायमरची चिंता नाही. त्यांचे छर्रे दाबलेल्या हवेवर उडतात. ट्रॅप नेमबाजाचे तसे नाही. पात्रता फेरीतच त्याच्यासमोर १२५ चकत्या सुटतात आणि सरावाच्या दिवशी त्याहून अधिक काडतुसे जातात. परवाना, कोटा, आगाऊ पैसे, धोकादायक मालाची वाहतूक आणि सीमाशुल्काची मंजुरी या सगळ्या पायऱ्या असल्याने मालाची नोंदणी स्पर्धेच्या कित्येक महिने आधी करावी लागते. २०२६ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा सप्टेंबरमध्ये जपानमधील आयची-नागोयात आहेत.